माळ्यावरची फाईल

२०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. आम्हा शिक्षकांच्या ती चांगलीच लक्षात आहे. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला एक सुई द्यायची होती, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना ती शाळेतच मिळणार होती. तेव्हा मोबाईलवर नको नको ते फिरत होते. या सुईने आपल्या मुलामुलींना पुढे औलाद होणार नाही, असेही लोक एकमेकांना पाठवत होते. पुण्यातल्या ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही मराठी शिकवतो, तिथे संमतीचे कागद सही न होताच परत येऊ लागले. मग मौलाना साहेबांना शाळेत बोलावले, त्यांनी पालकांना समजावले. जे तरीही राहिले त्यांच्या घरी आम्ही शिक्षक दोघे-दोघे मिळून गेलो.

तिसरीतल्या एका मुलीच्या घरी आम्ही तीन वेळा गेलो. कोंढव्यातले दोन खोल्यांचे घर. आई चहा करायची, सगळे ऐकून घ्यायची आणि शेवटी एवढेच म्हणायची, "टीचर, हिला नको." कारण विचारले की गप्प. तिसऱ्या वेळी आमचा तोल सुटला. "तुम्ही शिकल्यासवरलेल्या, आणि मोबाईलवरच्या गप्पा खऱ्या मानता?" असे आम्ही तिला तिच्या सासूबाईंसमोर बोललो. यादीत त्या मुलीच्या नावापुढे 'नकार, अफवेमुळे' असे लिहून आम्ही मोकळे झालो.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. तिच्या आईचा नकार अफवेमुळे नव्हता, हे कळायला आम्हाला सहा वर्षे लागली. आईच्या आणि खुद्द मुलीच्या परवानगीने हे लिहीत आहोत. नाव देत नाही आणि काही खुणा मुद्दाम बदलल्या आहेत.

मागच्या वर्षी, ती नववीत असताना, पालकसभा संपल्यावर आई मागे थांबली. सगळे गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "टीचर, हिची पाळी अजून आली नाही. चौदा पूर्ण झाली." आम्ही नेहमीचे उत्तर दिले. काही मुलींना उशीर होतो, आमच्या भाचीला पंधराव्या वर्षी आली, काळजी करू नका. मुलगी वर्गात सगळ्यांत बुटकी, परिपाठाला कायम रांगेत पुढे उभी. दुपारनंतर बाकावर डोके टेकायची. आम्हाला वाटायचे, खाते कमी. डबा तपासून दोन-तीनदा आम्ही तिला रागावलोही होतो.

महिनाभराने आई पुन्हा आली. या वेळी म्हणाली, "टीचर, एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. हिचं बोन मॅरो बदललेलं आहे."

जन्मानंतर या मुलीची नाळ महिना होत आला तरी पडली नव्हती. मग बेंबी लाल झाली, चिघळली, पण पू नाही. पुढे कानाचे, हिरड्यांचे, पाठीवरच्या फोडाचे एकामागून एक दुखणे. रक्त तपासले की पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या दिसायच्या. सुरुवातीला एका डॉक्टरांना रक्ताच्या कर्करोगाची शंका आली. शेवटी मुंबईत निदान झाले, ल्युकोसाइट अधेजन डेफिशियन्सी, म्हणजे 'लॅड'. आपल्या पांढऱ्या पेशी रक्तातून वाहत असतात. कुठे जंतू शिरले की त्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि तिथून बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. या आजारात चिकटण्यासाठी लागणारे प्रथिनच तयार होत नाही. फौज मोठी, पण शहराबाहेर पडायचा दरवाजा बंद. म्हणून पू होत नाही, जखम भरत नाही, आणि रक्तात पेशींची गर्दी दिसते. तीव्र लॅड असलेली बहुतेक मुले, ट्रान्सप्लांट झाला नाही तर, पहिल्या दोन वर्षांतच जातात. नाळ तीन-चार आठवडे पडली नाही तर घरात नुसती पावडर लावत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे, हे प्रत्येक दादी-नानीला ठाऊक असायला हवे. उशिरा नाळ पडलेली बहुतेक बाळे निरोगीच असतात, पण सोबत बेंबी चिघळत असेल तर पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात.

दोन वर्षांची व्हायच्या आत मुलीचा ट्रान्सप्लांट झाला. मोठा भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा. त्याचा मॅरो जुळला. सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, त्यामुळे हे नशीबच म्हणायचे. दागिने गेले, वाडवडिलांचा जमिनीचा तुकडा गेला, रमजानमध्ये नातलगांनी आणि दोन ट्रस्टनी मदत केली. आधी औषधे देऊन मुलीचा जुना मॅरो रिकामा केला, मग भावाचा मॅरो रक्ताच्या बाटलीसारखा शिरेतून चढवला. पुढे तीन आठवडे काचेच्या खोलीत. नव्या पेशी रुजल्या, हळूहळू जखमा भरू लागल्या. पहिली दोन वर्षे मुंबईच्या फेऱ्या नेमाने झाल्या. मग डॉक्टर म्हणाले, आता वर्षातून एकदा या. घरच्यांनी त्याचा अर्थ काढला, आता बरी झाली.

पुढचे आई सांगताना खाली बघत होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलीची जात आहे. उद्या रिश्ते येतील. ही फाईल कुणाच्या नजरेला पडायला नको." फाईल एका जुन्या पेटीत घालून माळ्यावर गेली. दहा वर्षे ती तिथेच राहिली. शाळेला सांगितले नाही, मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना सांगितले नाही, मुलीलाही नीट सांगितले नाही. पाठीवरच्या व्रणाचे कारण तिला 'लहानपणी भाजलं होतं' असे सांगितलेले.

त्या दादींना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. ज्या घराने एक लेकरू आधी गमावले आहे (या मुलीच्या आधीचा एक भाऊ तीन महिन्यांचा असताना असाच गेला होता, तेव्हा निदान झालेच नाही), त्या घराला तो सगळा काळ विसरायचा असतो. आणि रिश्त्याची भीती काही खोटी नाही. आपण सगळेच बघायला गेल्यावर काय काय विचारतो ते आपल्याला माहीत आहे. पण शरीर काही विसरत नाही.

जुना मॅरो रिकामा करायला जी औषधे देतात, त्यांतले एक आहे बुसल्फान. ते मॅरोवर काम करते, पण मुलींच्या बीजांडकोशांवरही घाव घालते. लहानपणी ते मिळालेल्या पुष्कळ मुलींचे बीजांडकोश पुढे काम करत नाहीत. मग वयात येण्याची खूण स्वतःहून दिसत नाही, औषधाने आणावी लागते. मुलांमध्येही बीज तयार होण्यावर परिणाम होऊ शकतो, फक्त दाढी-मिशा वेळेवर आल्याने तो कुणाच्या लक्षात येत नाही. याशिवाय थायरॉइड मंदावू शकते, उंची कमी राहते, दातांची मुळे आखूड राहतात. ज्यांना फार दिवस स्टेरॉइड द्यावे लागले त्यांची हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. प्रत्येक मुलाला हे सगळे होते असे नाही. कुणाला कोणते औषध, किती, कोणत्या वयात दिले यावर ते ठरते. म्हणून फाईलमधले ते एक पान, ज्यावर औषधांची नावे आणि मात्रा असतात, ते सोन्याच्या पावतीपेक्षा जपावे.

आमच्या मुलीची फाईल माळ्यावरून उतरली तेव्हा त्या पानावर पहिलेच नाव बुसल्फानचे होते.

मुंबईच्या फेरीला आईने आम्हालाही बोलावले. पहाटे पुणे स्टेशनला सिंहगड एक्स्प्रेस पकडली. गाडीत मुलीने खिडकीची जागा घेतली आणि लोणावळ्यापर्यंत फाईल मांडीवर ठेवून एकेक पान वाचले. इंग्रजी अडले की आम्हाला विचारायची. तिच्या आयुष्यातली ती दोन वर्षे तिला पहिल्यांदाच कळत होती. खंडाळ्याच्या घाटात तिने आईला विचारले, "म्हणजे माझं रक्त भाईजानचं आहे?"

हो, तसेच आहे. ट्रान्सप्लांटनंतर रक्त ज्याने मॅरो दिला त्याचे बनू लागते, रक्तगटही त्याचाच होतो. मुलगी जन्मली तेव्हा बी पॉझिटिव्ह होती. भाऊ ओ पॉझिटिव्ह. शाळेच्या नोंदवहीत आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर नऊ वर्षे आम्ही बी पॉझिटिव्ह छापत होतो. रक्त देण्याआधी रुग्णालय गट तपासतेच, त्यामुळे अनर्थ झाला असता असे म्हणणार नाही. पण अपघातात सापडलेल्या पोरीच्या कार्डावर एक गट आणि तपासणीत दुसरा, म्हणजे डॉक्टर बुचकळ्यात पडणार. आणि अशा मुलांना रक्त द्यायचे झाले तर ते विकिरण केलेले असावे का, हा प्रश्नही असतो. ट्रान्सप्लांट झाला आहे हेच माहीत नसेल तर तो विचारणार कोण?

तपासण्यांना दोन दिवस लागले. जुन्या नोंदी मिळवण्यासाठी आणखी एक फेरी झाली, रेकॉर्डच्या खिडकीवर जे होते ते झाले, त्यात जात नाही. निष्पन्न असे: भावाच्या पेशी तिच्या शरीरात उत्तम नांदत आहेत, जंतूंशी लढण्याची ताकद चांगली आहे. मूळ आजार खरोखरच गेला आहे. थायरॉइड मात्र कमी, त्याची रोजची गोळी सुरू झाली. दुपारी बाकावर डोके का टेकले जात होते ते आम्हाला कळले. बीजांडकोश काम करत नाहीत, म्हणून संप्रेरकांचे औषध अगदी थोड्या मात्रेपासून सुरू केले. ते हळूहळू वाढवत दोन-तीन वर्षे न्यायचे, म्हणजे शरीर इतर मुलींसारखे वाढते आणि हाडेही मजबूत होतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, अकरा-बारा वर्षांची असताना आणली असती तर उंचीलाही थोडा फायदा झाला असता. त्या रागावल्या नाहीत. आईचा चेहरा पाहून त्यांनी लगेच दुसरा विषय काढला.

दुसरा विषय लसीचा होता, आणि तिथे आमची मान खाली गेली.

ट्रान्सप्लांटच्या आधी बाळाला ज्या लसी दिलेल्या असतात, त्यांची आठवण जुन्या मॅरोसोबत बहुतांशी पुसली जाते. ट्रान्सप्लांट झालेले मूल लसीच्या हिशेबाने जणू नव्याने जन्मते. साधारण सहा महिने ते वर्षानंतर निर्जीव लसी, म्हणजे धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, पोलिओची सुई, कावीळ ब, न्यूमोनियाची लस, पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतात. गोवर-रुबेलासारख्या जिवंत जंतूंच्या लसी त्यानंतर, निदान दोन वर्षे झाल्यावर, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद असतील, नव्या मॅरोचा शरीराशी झगडा चालू नसेल तरच. हे सगळे ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी तपासून ठरवायचे.

२०१८ मध्ये त्या आईला एवढेच आठवत होते की डॉक्टरांनी 'जिवंत लस विचारल्याशिवाय द्यायची नाही' म्हटले होते. ते बरोबर होते. फक्त विचारायला ती परत गेलीच नाही, आणि आम्हाला कारण सांगायची तिला घरातून मुभा नव्हती. आम्ही तिला अफवेवर विश्वास ठेवणारी ठरवले. खरे तर मोहिमेत आमच्या यादीतल्या साऱ्या आयांपेक्षा लसीबद्दल तिलाच जास्त कळत होते. यादीत 'नकार' लिहिण्याआधी बाजूला घेऊन, सासूबाई नसताना, एकदा विचारले असते तर सहा वर्षे वाचली असती. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीपासून भिवंडी-मालेगावपर्यंत गोवर पसरला, मुले दगावली. त्या दिवाळीच्या सुटीत ही मुलगी गोवंडीला खालाकडे होती. अंगात गोवराविरुद्ध काहीच नाही. अल्लाहने राखले.

आता तिच्या लसींचा नवा तक्ता बनला आहे आणि तो पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे सुरू आहे. त्यासाठी दर वेळी मुंबईला जावे लागत नाही.

लसीवरून आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्या देशात बाळ जन्मले की बीसीजी आणि पोलिओचे थेंब देतात. दोन्ही जिवंत लसी आहेत आणि निरोगी बाळांना त्या दिल्याच पाहिजेत. पण काही जन्मजात आजारांत, विशेषतः ज्यात प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच अशा 'स्किड'मध्ये, बीसीजीचे जंतूच बाळाच्या अंगात पसरू शकतात. ज्या घरात एखादे मूल तान्हेपणी जंतुसंसर्गाने गेले आहे, त्या घरातल्या पुढच्या बाळंतपणात ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी. तपासण्या होईपर्यंत बीसीजी थांबवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. सांगितलेच नाही तर त्यांना कळणार कसे?

या मुलांच्या पुढच्या आयुष्याबद्दल जगात बरेच काही नोंदलेले आहे, आणि ते घाबरवणारे नाही. पहिला यशस्वी ट्रान्सप्लांट १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस इथे डॉ. रॉबर्ट गुड यांनी केला. स्किड असलेला काही महिन्यांचा मुलगा, आईकडच्या घराण्यात अनेक मुलगे असेच तान्हेपणी गेलेले. बहिणीचा मॅरो दिला आणि तो मुलगा मोठा होऊन संसारी वयापर्यंत पोहोचला. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ मध्ये स्किडच्या अशा ९० रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली, ज्यांचा ट्रान्सप्लांट होऊन दोनपासून चौतीस वर्षे उलटली होती. त्यांतल्या साधारण निम्म्यांना मधल्या काळात काही ना काही ठळक त्रास झालेला होता. कुणाला नव्या मॅरोचा शरीराशी जुना झगडा, कुणाला वारंवार संसर्ग, कुणाला हातापायांवर हट्टी चामखिळी. पंधरा वर्षांनंतर बहुतेक त्रास कमी होत गेले, चामखिळी सोडून. आम्हाला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की चौतीस वर्षांनंतरही कुणीतरी त्या मुलांना बोलावत होते, आणि ती येत होती.

आपल्याकडे भारतातला पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाला, रक्ताच्या कर्करोगासाठी. परळच्या त्याच भागात, हाकेच्या अंतरावर, केईएम रुग्णालय आणि मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. केईएमच्या आवारात राष्ट्रीय रक्त-प्रतिकारशास्त्र संस्था आहे. तिथले लोक तिला एनआयआयएच म्हणतात. रोगप्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांचे निदान तिथे होते, आणि वाडियामध्ये अशा मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. बोरिवलीत महापालिकेचे मुलांसाठीचे ट्रान्सप्लांट केंद्र आहे. पुण्यातल्या काही मोठ्या रुग्णालयांतही आता ट्रान्सप्लांट होतात. खर्चाची गोष्ट करायची तर केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात स्किड, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, विस्कॉट-ऑल्ड्रिच अशा आजारांचा ट्रान्सप्लांट बसतो. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपये केली आहे, आणि मुंबईत त्यासाठीचे नेमलेले केंद्र केईएम आहे. आमच्या मुलीच्या वेळी यातले काही नव्हते. आज एखाद्या घरावर ही वेळ आली असेल तर दागिने मोडण्याआधी तिथे चौकशी करावी. ट्रान्सप्लांटच्या आधीच डॉक्टरांना हेही विचारावे की मुलीचे बीजांडकोश किंवा मुलाचे बीज जपून ठेवण्याचा काही उपाय आहे का. लहान वयात तो दर वेळी शक्य नसतो, पण विचारायचा हक्क आपला आहे.

आता थोडे नाजूक. या मुलीचे आईवडील सख्खे चुलत भावंडे आहेत. लॅडसारख्या आजारात आई आणि वडील दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत असते. दोघे स्वतः ठणठणीत असतात. दोन्ही प्रती एकाच बाळात आल्या तर आजार. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. सासरी दहा वर्षे 'तुझ्या पोटातून' असे टोमणे या आईने ऐकले. डॉक्टरबाईंनी कागदावर चार गोल काढून दाखवले तेव्हा वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग एवढेच म्हणाले, "अर्धा मीही आहे म्हणजे." काही आजारांत, जसे विस्कॉट-ऑल्ड्रिच, दोष आईकडून मुलग्यांना जातो हे खरे, पण त्यातही आईचा गुन्हा तो काय? तिलाही तो कुणाकडून तरी मिळालेला असतो.

चुलत-मामे-आत्ये-मावस भावंडांत निकाह जायज आहे, लाजिम नाही. महाराष्ट्रातल्या इतर पुष्कळ समाजांतही मामे-आत्ये लग्ने होतात, आणि अशा बहुतेक जोडप्यांची मुले निरोगी असतात. प्रश्न येतो तो ज्या घराण्यात असा आजार दिसून गेला आहे तिथे. आमच्या मुलीचा भाऊ, ज्याने मॅरो दिला, तो आता बावीसचा आहे आणि त्याच्यासाठी फुफीच्या मुलीची बोलणी चालू होती. आजारी मुलाचे निरोगी सख्खे भावंड दोषाचे वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. फुफीची मुलगीही वाहक असू शकते. नुसत्या रक्ताच्या तपासणीने दोघांचे कळते. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहाआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी सक्तीची आहे. तिथे त्याने कुणाची इज्जत गेली नाही. मुलाने स्वतःची तपासणी करून घेतली. तो वाहक निघाला. फुफींनी आधी तोंड फिरवले, मग मुलीचे रक्त दिले. अहवाल आम्ही हे लिहीत असताना यायचा आहे. दोघेही वाहक निघाले आणि तरी त्यांनी निकाह केला, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच बाळाची तपासणी करता येते. त्यापुढचा मसला डॉक्टर आणि आलिम दोघांसमोर ठेवून सोडवायचा आहे.

आणि मुलीचा रिश्ता? दादींनी हाच प्रश्न आम्हाला विचारला, तोही थोडा चिडून. आम्हाला वाटते ते आम्ही सांगितले. मोहल्ल्याला सांगायची गरज नाही. ज्या घरात मुलगी जाणार त्या घराला, बोलणी पक्की होण्याआधी, सगळे सांगायचे, स्वतःच्या पोटी मूल होणे अवघड आहे हेही. लपवून झालेल्या निकाहात या पोरीला दर महिन्याला भीती वाटत राहील, आणि गोळ्या लपवताना ती त्या घेणेच सोडून देईल. दादी काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले आणि ते खाताना थायरॉइडच्या गोळीनंतर किती वेळ थांबायचे, हे त्यांनीच विचारले.

रमजानमध्ये मुलीला सगळे रोजे ठेवायचे होते. आजाऱ्याला सवलत आहे हे तिला आम्ही वर्गातही शिकवले होते, पण या वयाच्या मुलींना सवलत नको असते, मैत्रिणींसारखे असणे हवे असते. डॉक्टरांना विचारले. किडनी, रक्त सगळे ठीक, त्यामुळे हरकत नाही म्हणाले, फक्त थायरॉइडची गोळी सेहरीच्या आधी अर्धा तास घ्यायची. तिने पहाटेचा गजर अर्धा तास अलीकडे लावला. पूर्ण रोजे झाले. दुसऱ्या एखाद्या मुलाला, ज्याच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, हेच उत्तर मिळेल असे नाही. प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावे.

फाईल आता माळ्यावर नाही. मुलीने तिचे तीन संच करून घेतले. एक घरी, एक पुण्याच्या डॉक्टरांकडे, एक तिच्या दप्तरातल्या प्लास्टिकच्या पाकिटात. सगळ्यांत वर तिने स्वतःच्या हाताने एक पान लिहिले आहे, उर्दूत आणि मराठीत: आजाराचे नाव, ट्रान्सप्लांटची तारीख, कोणती औषधे मिळाली, आता काय चालू आहे, कोणत्या लसी झाल्या, पुढची तपासणी कधी. थायरॉइड, हाडे, दात, डोळे, वाढ, हे वर्षातून एकदा. उन्हात जाताना ओढणी आणि क्रीम, कारण या मुलांच्या त्वचेला ऊन बाधते आणि मोठेपणी त्वचेच्या, थायरॉइडच्या, तोंडाच्या गाठींकडे जरा जास्त लक्ष ठेवावे लागते. हे शेवटचे वाक्य तिने लाल पेनाने लिहिले. आम्ही विचारले, लाल का? म्हणाली, "अम्मी वाचते म्हणून."

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा दहावीच्या ओळखपत्रांचे कागद आम्ही वर्गात वाटले. रक्तगटाच्या रकान्यात तिने ओ पॉझिटिव्ह लिहिले. शेजारच्या मैत्रिणीने जुने कार्ड दाखवून म्हटले, चुकलीस, तुझा बी आहे. ती म्हणाली, "तो आधीचा होता," आणि कागद आमच्या हातात दिला.